एक जानेवारीला जन्मलेली माणसं

प्रमोददादांचा फोन आला तेव्हा मी गाडीला हिवाळी टायर चढवून घ्यायला गॅरेजमध्ये बसले होते. ऑक्टोबर लागला की इथे सगळ्यांचीच ती धांदल उडते, टेर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, महिनाभर आधी घ्यावी लागते, आणि मी नेहमीप्रमाणे उशिरा जागी झाल्यामुळे मला भल्या सकाळची मिळाली होती. "वर्षा, विशाखा गेली... पहाटे," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हणाले. बरं काय डोंबल, पण तोंडातून तेच आलं. गॅरेजवाला समोर येऊन विचारत होता की काढलेले टायर इथेच ठेवायचे की घरी नेणार, आणि मी त्याला चक्क मराठीत सांगितलं, "काय वाटेल ते करा." त्याला काय समजलं कुणास ठाऊक. त्याने ते मुकाट्याने गाडीत भरून दिले आणि दार हळू लावलं.

तिचं जाणं अचानक नव्हतं. उन्हाळ्यात पोटदुखीचं निमित्त झालं, आणि तपासण्या संपेपर्यंत डॉक्टरांच्या बोलण्यातला सूरच बदलला. तेव्हा आम्हाला सगळ्यांना कल्पना होती, तिला तर सगळ्यांत आधी. पण ती गेल्यापासून मला जो भेटतो तो "किती साधी होती ना" म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. विशाखा मेश्राम साधी वगैरे अजिबात नव्हती. तिला स्वतःची हुशारी ठाऊक होती, ती कशी मिळवली तेही ठाऊक होतं, आणि दोन्ही गोष्टी ती कुणासमोर लपवत नसे. हे लिहायला बसले ते मुख्यतः एवढ्यासाठी. मेलेल्या माणसाला लगेच साधं करून टाकायची आपल्याकडे फार घाई असते.

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमागे जर्मनीत कायझर्सलाउटर्नला आले, भाषा शिकले, आणि एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून चिकटले. स्टेशनामागच्या गल्लीत खाली बेकरी आणि वर आम्ही. डॉक्टर, प्रयोगशाळा, सरकारी आरोग्य खाती यांच्यासाठी सॉफ्टवेअर करायचो. टेस्टर म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा; माझ्या सासूबाई म्हणतात, देवाने हे काम तुला डोळ्यांपुढे ठेवूनच काढलंय. पहिल्या दिवशी एक सावळ्या, उंच, करड्या केसांच्या बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "पुण्याची का? बरं झालं. आता आमचं मराठी सुधारून देशील." मी गडबडून "छे हो" म्हणाले, तर चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणाल्या, "नाही नाही, सांगत जा. आम्ही नागपूरचे, आम्हाला गरज आहे." मी आठवडाभर या बाईला बिचकून होते. मग कळलं की ती थट्टा करते तेव्हा तिचा चेहरा असाच राहतो, आणि त्यानंतर मी तिला ताई म्हणायला लागले ते कायमचं.

तिचे वडील नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. ती तिथेच इंजिनियर झाली आणि पुढे डेटाबेसवर संशोधन करायला इथल्या विद्यापीठात आली. डॉक्टरेट मिळवली, नवऱ्याने म्हणजे प्रमोददादांनीही जवळच गाड्यांचे भाग करणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, मुलगी मैत्रेयी इथेच जन्मली. ऑफिसात तिला सगळे 'फ्राऊ डॉक्टर', डॉक्टरबाई, म्हणायचे आणि ती ते म्हणू द्यायची. मराठी मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी तिला नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग जरा घुटमळले. आपल्या लोकांचं ते घुटमळणं ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते समजेल. ताई म्हणाली, "मेश्राम. नागपूर. पुढचा प्रश्न राहिला असेल तर तोही विचारून घ्या, प्रसाद येईपर्यंत वेळ आहे." गृहस्थ पाणी प्यायला निघून गेले. ती मात्र शेवटपर्यंत थांबली, आणि सगळ्यांच्या बरोबरीने खुर्च्या उचलून ठेवल्या.

आणखी एक सांगते. इथे ऑफिसात ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांसाठी केक आणायचा असतो. आमच्या किचनमध्ये प्रत्येकाच्या तारखेचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. ताईच्या नावाचा केक पासपोर्टप्रमाणे एक जूनला यायला हवा होता, पण तिने ती तारीख पेनाने खोडून चौदा एप्रिलला स्वतःचं नाव घातलं होतं. आमच्या टीमचा प्रमुख टॉर्स्टन, उंच, भला आणि कायम घाईत असलेला माणूस, त्याने विचारलं की हे कसं काय. तेव्हा ती म्हणाली, "एक जून ही आमच्या शाळेतल्या मास्तरांनी दिलेली तारीख आहे. जयंतीचा दिवस मी स्वतः निवडलाय." मग त्याला चौदा एप्रिल म्हणजे काय हे तिने सविस्तर सांगितलं, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. केक तिला कधीच धड जमला नाही, मधोमध बसायचा. पण आणायची दरवर्षी, आणि त्या दिवशी तिची रजा असली तरी सकाळी देऊन जायची.

कामाची तिची रीत वेगळी होती. क्वेरी अडली, म्हणजे डेटाबेसला आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईना झालं, की आम्ही सगळे कोड उकरायला बसायचो. हे बदलून बघ, ते बदलून बघ. ती कोडला हातच लावायची नाही. कॉफी घेऊन यायची, खुर्ची ओढायची आणि म्हणायची, "एक माणूस धर. एकच. आणि त्याच्यासंगं पहिल्या टेबलापासून चालत जा. कुठं हरवतो ते पाह्य." तिच्या लेखी टेबलातली, म्हणजे माहितीच्या तक्त्यातली, ओळ ही ओळ नव्हतीच, माणूस होता. मला सुरुवातीला हे जरा नाटकी वाटायचं... पण बहुतेक वेळा ती माझ्याआधी पोचायची, आणि मी काही हळू नाही.

२०१५ साली सीरियातून, अफगाणिस्तानातून माणसं इथे आली तेव्हाची गोष्ट. आमच्या कामाच्या एका जिल्ह्यात शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये पलंग मांडून, मधे चादरी बांधून कुटुंबं ठेवली होती. प्रत्येक मोठ्या माणसाच्या छातीचा एक्स-रे काढायचा, क्षय नाही ना ते बघायचं, आणि मग दाखला द्यायचा. दाखला मिळाला की घर मिळायचं. नाही मिळाला तर हॉल. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याकडे, म्हणजे आम्टकडे, दोन वेगवेगळी टेबलं होती. एकात हॉलमधल्या माणसांची नोंद, दुसऱ्यात एक्स-रेच्या फिरत्या गाडीकडून आलेले रिपोर्ट. दोन्ही घाईघाईने सुरू केलेली, दोघांना समान असा नंबरच नाही. ती जोडून दाखल्यांची यादी काढायचं काम आमच्याकडे आलं. टॉर्स्टनने नियम ठरवला, आडनाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे जुळली की तो रिपोर्ट त्या माणसाचा. ऐकायला ठीकच वाटतं. घासलेल्या डब्यांवर झाकणं लावताना आपणही आकार बघूनच लावतो, त्यातलाच प्रकार.

मी तपासलं, सगळं हिरवं, म्हणजे पास. पुन्हा तपासलं, हिरवं. आम्टमध्ये नेऊन चालवलं तर पहिल्याच मिनिटाला क्वेरी कोसळली. एका माणसासमोर एक रिपोर्ट यायला हवा, तिथे एकाहून जास्त येतायत, मी पुढे जाणार नाही, असं ती म्हणत होती. इथे परत आणली तर पुन्हा हिरवी. तिकडून फ्राऊ केलर फोन करायच्या. आम्टमधल्या या बाई सगळ्यांच्या शिव्या खायच्या आणि तरी आवाज चढवायच्या नाहीत. मी मात्र चढवला. "माझ्याकडे चालतंय," मी म्हणाले, टेस्टरने जे वाक्य मेलं तरी म्हणू नये ते. ताई शेजारच्या टेबलावरून ऐकत होती. "काऊन ओरडून राहिली? तुझ्याकडे चालतंय, तिच्याकडे नाही. मग फरक कोडमध्ये नाही, माणसांत आहे. तुझ्याकडची माणसं कोण आहेत?"

माझ्याकडची माणसं खरी नव्हती. इथे डाटेनशुट्झ म्हणजे खाजगी माहितीच्या रक्षणाचा कायदा फार कडक, आणि तो असावाच. खऱ्या आजाऱ्यांची माहिती आमच्यासारख्यांना दिसता कामा नये म्हणून मूळ यादीतली नावं बदलून आणि जन्मतारखा संगणकाकडून वाटेल तशा पसरवून मग ती आम्हाला मिळायची. ताईने ती उघडली आणि तारखांचा रकाना वरपासून खालपर्यंत बघत बसली. मार्च, ऑगस्ट, मे, डिसेंबर... छान विखुरलेल्या. मग फोन उचलून स्पीकरवर टाकला. "फ्राऊ केलर, मला कुणाचं नाव सांगू नका, काहीच सांगू नका. फक्त तुमच्या पडद्यावरच्या जन्मतारखांवरून नजर फिरवा. एक जानेवारी दिसते का?" पलीकडून माउसचं चाक फिरल्याचा आवाज येत होता. मग फ्राऊ केलर म्हणाल्या, "आल्झो... म्हणजे, जवळजवळ सगळ्यांचीच एक जानेवारी आहे. हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

फोन ठेवून ताई माझ्याकडे वळली आणि हसली. "आपल्याकडे एक जून, तिकडे एक जानेवारी. आई सांगते तू झालीस तेव्हा थंडी होती, कागद घरासंगं जळले, आणि टेबलामागच्या साहेबाला घाई आहे. मास्तर सगळीकडे सारखेच, बाप्पा." तिचे वडील एक जूनचे, आई एक जूनची, दोन काका, भाऊ, ती स्वतः, सगळे एक जूनचे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी साल अंदाजाने टाकलं आणि तारीख शाळा सुरू व्हायच्या सोयीची. आपल्या महाराष्ट्रात हे कुणाला सांगायला नको. माझे सासरेही एक जूनचेच, आणि आम्ही घरात त्याच्यावर जन्मभर हसत आलोय. पण त्या हसण्यातून अडलेली क्वेरी सोडवणारी बाई मी एकच पाहिली. एका खेड्यातून आलेलं एक आडनाव, सगळ्यांना एकच तारीख, साल अंदाजाचं. झाकणं सगळी एका मापाची निघाली होती. आणि आम्ही मात्र माहितीचं रक्षण करण्याच्या नादात नेमकी तीच गोष्ट पुसून मग तपासत होतो.

टॉर्स्टनला हे सांगितलं तर त्याचा चेहराच खुलला. "गेनाऊ! बरोबर! म्हणजे एक जानेवारी ही खरी तारीखच नाही. नुसती जागा भरायला टाकलेली. अशा ओळी गाळू, क्वेरी धावेल." पुढच्या आठवड्यात बस येणार होत्या, यादीत नाव असलेल्यांना घरी न्यायला, त्याच्यावर वरून दडपण होतं, हे मान्य. ताई म्हणाली, "क्वेरी धावेल. ती माणसं हॉलमध्येच राहतील, आणि यादीत नसल्यामुळे कुणी विचारणारही नाही." मग तो म्हणाला, बरं, गाळायचं नाही, तर जुळणाऱ्यांतला पहिला रिपोर्ट घेऊ, बहुतेक सगळे निरोगीच आहेत. तेव्हा ती उठून उभी राहिली. तिचं जर्मन एरवी भराभर असायचं, त्या दिवशी एकेक शब्द मोजून आला. "टॉर्स्टन, माझ्या वडिलांची जन्मतारीख खोटी आहे. माझे वडील खोटे नव्हते. दुसऱ्या कुणाच्या छातीचा फोटो त्यांच्या नावाला चिकटवलेला मी चालवून घेतला नसता, आणि इथेही घेणार नाही. माझ्या नावाने ही क्वेरी जाणार नाही."

टॉर्स्टन वाईट माणूस नव्हे. तो लाल झाला आणि म्हणाला, मग तुझं काय म्हणणं आहे? "मला त्या हॉलमध्ये जायचंय." "ते आपलं काम नाही." "हो, आपलं नाही. माझं आहे. उद्याची रजा टाकते." आणि खरंच टाकली. मीही टाकली, कारण घरी बसून मला झोप लागली नसती, आणि खरं सांगायचं तर ती काय करणार ते बघायचं होतं. फ्राऊ केलरनी एवढीच अट घातली की कुणाची नोंद तुम्हाला दाखवता येणार नाही, पण कुणी आपणहून स्वतःबद्दल सांगितलं तर माझी हरकत नाही. ताई म्हणाली, मला तेवढंच हवंय.

हॉलमध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली पलंग, कोरड्या होत असलेल्या कपड्यांचा वास, आणि रबरी फरशीवर मुलांच्या धावण्याचा आवाज. तिथे आम्हाला हाला भेटली. बारीक, टपोऱ्या डोळ्यांची, दोन लहान मुलं, नवरा युद्धात गेलेला. तिच्या शेजारच्या पलंगावर तिची चुलत बहीण. दोघींचं आडनाव एक, तारीख एक जानेवारी, आणि नोंद करणाऱ्याने सालही एकच टाकलेलं. जवळच्या गावात एक घर दोघींसाठी मिळून ठरलं होतं, किल्ली देणारा माणूसही येऊन गेला होता, आणि दाखला काही येत नव्हता. आम्टने काही दाखले हातानेच काढल्यामुळे आजूबाजूचे पलंग रिकामे व्हायला लागले होते. दुभाषी पोरगी म्हणाली, ही रोज दारात जाऊन विचारते, आमचं काय चुकलं. ताई तिच्या पलंगाच्या कडेला बसली. जन्मतारीख विचारलीच नाही. म्हणाली, "त्या एक्स-रेच्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांग. कुठे उभी राहिलीस, कोण काय बोललं, सगळं."

हाला सांगत गेली. रांग, थंडी, गाडीच्या पायऱ्या, अंगावरचं कापड काढायला लागलं म्हणून आलेली लाज. आत एक माणूस संगणकापाशी. त्याने नाव विचारलं, त्याला ते समजलं नाही, त्याने तारीख लिहिली, आणि मग... तिने मनगट पुढे केलं. हॉलमध्ये आल्यावर प्रत्येकाच्या हाताला एक प्लास्टिकचा पट्टा बांधत, जेवणाच्या वेळी दाखवायला. त्याच्यावर नंबर होता. "हे बघून त्याने काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, श्वास रोखा." ताईने हा भाग तिला पुन्हा सांगायला लावला. मग हालाच्या मनगटावर नुसता हात ठेवून बसली. मला तिच्याकडे बघताना वाटलं, ही आता रडणार. ती उठली आणि बाहेर जाऊन फ्राऊ केलरना फोन लावला. "रिपोर्टच्या टेबलात शेवटी शेरा नावाचा रकाना आहे ना, ज्याच्यात कुणी बघत नाही? त्यात बघा."

तिथे होते. 'खोकला नाही', 'दुभाष्या हवा', 'पुन्हा काढला', अशा नाही नाही त्या मजकुरात अडकलेले पट्ट्यांचे नंबर. गाडीतल्या त्या कुणा शहाण्या माणसाने आपल्या टेबलात जागा नाही म्हणून शेऱ्यात लिहून ठेवले होते, आणि आम्ही तो रकाना फालतू म्हणून सोडून दिला होता. ताईने तो नंबर वेगळा काढायचं लिहिलं, हॉलच्या नोंदीतल्या पट्ट्याच्या नंबराला जोडलं, आडनाव-तारखेचा नियम पूर्ण काढून टाकला. ज्यांचा नंबर सापडलाच नाही अशी थोडी माणसं उरली. टॉर्स्टन म्हणाला, त्यांना यादीच्या शेवटी टाकू. ती म्हणाली, "शेवटी नाही, सगळ्यांत वर. जुळलेल्यांना आपली गरज संपली." तेव्हापासून आमच्या कुठल्याही यादीत न जुळलेले वर येतात, आणि त्यांच्याशी कुणीतरी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय यादी बंद होत नाही. आम्टमध्ये क्वेरी एका दमात चालली. त्या दुपारी टॉर्स्टन खालच्या बेकरीत गेला आणि कुणाचाही वाढदिवस नसताना भला मोठा केक घेऊन आला. तो मधे बसलेला नव्हता, हे मी ताईला मुद्दाम दाखवून दिलं.

पुढचं आम्हाला आम्टने सांगितलं नाही, ते सांगणारही नव्हते. हालाने स्वतः सांगितलं, काही आठवड्यांनी, ताईचा पत्ता शोधत घरी आली तेव्हा. बस आली त्या दिवशी तिची बहीण तीत बसली. हाला नाही. क्षयाचा डाग हालाच्या फुप्फुसात निघाला होता. तिला इस्पितळात नेलं, वेळेवर सापडलं म्हणून गोळ्यांवर भागलं, मुलांनाही तपासलं, ती ठणठणीत होती. मीही तेव्हा तिथेच होते. पहिला जुळेल तो रिपोर्ट घेतला असता तर दोघींना एकच रिपोर्ट मिळाला असता. तो स्वच्छ असता तर हाला दोन मुलांना कुशीत घेऊन त्या छोट्या घरात खोकत राहिली असती. मी ताईला म्हटलं, पहिला कुणाचा होता ते बघूया का? "काऊन पाहू? कोणताही असता तरी दोघींतल्या एकीचं वाटोळंच होतं." ती पातेल्यात चहा ढवळत होती. मग म्हणाली, "आमच्या नावापुढे दुसऱ्यांनी काय वाटेल ते लिहिलं, वर्षा, पिढ्यान् पिढ्या. माझ्या हातून कुणाच्या नावापुढे चुकीचं गेलं नाही. हे मी मैत्रेयीला सांगणार आहे." तिने सांगितलंही, आणि त्यानंतरच्या चौदा एप्रिलला कार्यक्रमात माईकवरून सगळ्यांनाही सांगितलं. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी पुण्याची असून जोरात टाळ्या वाजवल्या.

शेवटची भेटले ते इस्पितळात, सप्टेंबरात. खूप वाळली होती, पण डोळे तेच. मी वेडेपणाने विचारलं, ताई, भीती वाटते का गं? "वाटते ना. खोटं कशाला बोलू." मग म्हणाली, "मैत्रेयीला मराठी वाचता येत नाही. समजतं सगळं, उत्तर जर्मनमध्ये देते. तू तिला अधूनमधून वाचून दाखव काहीतरी. पुण्याचं चालेल." यावेळीही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी हसता हसता रडले, आणि तिने मला कागदी रुमाल दिला.

अंत्यविधीची तयारी करणाऱ्या बाईंनी कार्डावर छापायला जन्मतारीख विचारली. प्रमोददादा बोलायच्या आत मैत्रेयी म्हणाली, "नुर दास यार," फक्त साल. बाईंनी दोनदा विचारलं, तिने दोनदा तेच सांगितलं. त्रिसरण आणि पंचशील तीच म्हणाली, रोमन लिपीत लिहून घेतलेलं, उच्चार जर्मन, आवाज आईचा. मागच्या रांगेत हाला होती, मुलं आता चांगली उंच झालीत. टॉर्स्टन उघड उघड रडत होता, नाक पुसत, लहान मुलासारखा. मला वाटलं होतं मी कोसळीन. पण त्या खोलीत नागपूर, पुणे, सीरिया आणि इथल्या फाल्त्स भागातली ही सगळी माणसं एका बाईसाठी उभी बघून मला रडण्यापेक्षा मान ताठ ठेवावीशी वाटली, आणि मी ती ठेवली.

त्या हिवाळ्यानंतर ताईने आमच्यासाठी तपासणीची एक नवी यादी तयार केली होती. सगळी माणसं तिच्या मनातली. सगळ्यांची जन्मतारीख एक जानेवारी. एकाच आडनावाची अख्खी खेडी, पहिलं नाव नसलेली एक म्हातारी, आईच्या आधी नोंद झालेलं बाळ, दोन देशांत दोन तारखा असलेला एक शिंपी. आमच्या कंपनीतून काहीही बाहेर जायच्या आधी त्या यादीवर चालून दाखवावं लागतं. फाइलला तिने एक रुक्ष नंबर दिला होता. लोक तिला 'डी विशाखा', म्हणजे 'ती विशाखा', कधी म्हणायला लागले, मला आठवत नाही. गेल्या आठवड्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाला काम द्यायचं होतं. नव्या मुलीने लिहिलेली क्वेरी सगळीकडे हिरवी झाली आणि विशाखावर लाल. एक ओळ कमी येत होती. टॉर्स्टन कोट चढवून निघायच्या बेतात होता, शुक्रवारचा फायराबेंड, काम संपवून घरी जायची वेळ, तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. "नाही, आज मिळणार नाही," तो म्हणत होता, "विशाखा अजून हो म्हणत नाहीये." पलीकडच्याने काहीतरी विचारलं. टॉर्स्टनने एकदा माझ्याकडे बघितलं. "विशाखा? आमच्या सीनियर इंजिनियर आहेत," तो म्हणाला. फोन ठेवला, कोट काढून खुंटीला लावला, आणि कोण हरवलंय ते शोधायला बसला.